धोंडुबाईचा आडोसा

धोंडुबाईला शहाणपण शिकवणारा जोहे गावात अजून जन्माला यायचा होता. वीस वर्षं मिठागरावर राबलेली बाई ती. वारा कुठून उठणार आणि कधी पडणार, हे ती अंगणात उभी राहून सांगायची, आणि ते खरं ठरायचं. चुलीच्या बाबतीत तर बोलायलाच नको. लग्नकार्यात तिच्या चुलीत कोणी परस्पर लाकूड सरकवलं, तर ती आधी त्याचा हात बाजूला करायची आणि मग तू कोणाचा म्हणून विचारायची.

तिची धाकटी लेक किमया मात्र वेगळ्याच वाटेला लागली. डोंगरात तंबू ठोकून राहण्याचं रीतसर शिक्षण घेऊन आली आणि वरसे गावाच्या वरच्या माळावर शाळेच्या मुलांना दोन दिवस नेण्याचं तिने ठरवलं. रोह्याच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका, तनयाबाई, आधी स्वतः जागा पाहायला येणार होत्या. त्यांना पटलं तर चाळीस मुलं येणार होती. नाही पटलं तर तंबू गुंडाळायचे आणि मुकाट घरी यायचं. "जेवान मी करनार," धोंडुबाईने जाहीर केलं. लेकीचं नाव व्हायचं तिथे परक्या हाताचं कालवण कशाला?

जानेवारीतली दुपार कलली होती आणि माळावर वारा सुटला होता. किमया तनयाबाईंना तंबू दाखवत होती. इकडे धोंडुबाईच्या पुढ्यात किमयाने आणलेली नवी शेगडी, पत्र्याची, पेटीएवढी, आणि तिच्याच कुशीत आडवा ठेवलेला गॅसचा छोटा डबा. ज्योत वाऱ्याने सारखी लवत होती. जेवायला माणसं तीनच, पण इतक्या थोड्या माणसांपुरतं रांधायचं धोंडुबाईच्या हाताला ठाऊकच नव्हतं. तिने लग्नातला रुंद टोप आणला होता. तो शेगडीवर ठेवला, त्यात वालाचं बिरडं रटरटायला लावलं आणि मिठागरावर करायची तसा चारी बाजूंनी दगड रचून, वर पत्रे टेकवून चांगला भक्कम आडोसा केला. ज्योत एकदम ताठ झाली. धोंडुबाई स्वतःवर खूश झाली.

"वा, आजी! याला म्हणतात अनुभव," तनयाबाई जवळ येत म्हणाल्या.

किमयाचा चेहरा मात्र उतरला. टोपाचा काठ गॅसच्या डब्यावर पसरला होता, आणि दगडांनी सगळी धग आतच कोंडली होती.

"आये, बाजूला हो. शेगडी बंद करते मी."

"का गो? बिरडा अर्धा कच्चा हाय!"

"असू दे. हो बाजूला."

"असू द्या हो," तनयाबाई मध्ये पडल्या, "त्या जाणत्या आहेत."

"बाई, तुम्हीपन मागं व्हा. त्या झाडापर्यंत."

किमयाने दगडांच्या फटीतून हात घालून खटका बंद केला आणि लांब काठीने पत्रे आणि दगड पाडले. मग आईला दंडाला धरून झाडाखाली आणून उभं केलं. पाहुणीसमोर, आपल्याच लेकीने, लहान मुलासारखं! धोंडुबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. आडोसा केला म्हणून ही मला हाकलते? ज्या हातांनी हिला भरवलं, त्या हातांना? तोंडात दहा शब्द आले होते, पण पाहुणीपुढे तमाशा नको म्हणून तिने ते गिळले.

बराच वेळ कोणी हललं नाही. सगळं गार झाल्यावर किमया एकटी पुढे गेली आणि डबा काढून आणला. त्याचं बूड बाहेर फुगलं होतं, सपाट असायला हवं तिथे पालथ्या वाटीसारखं.

"आये, चुलीला आडोसा लागतो. ह्याला चारी बाजूंनी केलास तर डबा तापतो, आनि मग फुटतो. आडोसा करायचा तर एकाच बाजूनं, लांबून. आनि टोप लहान, डब्यावर न येनारा."

धोंडुबाईने त्या फुगलेल्या बुडाकडे पाहिलं. थोड्या वेळापूर्वी त्या टोपावर ती स्वतः वाकलेली होती, आणि शेजारी तनयाबाई. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण आज तिचा पीळही गेला. पोरीची पहिली सहल आपणच बुडवली, एवढंच तिला वाटत राहिलं.

किमयाने दुसरा डबा लावून छोट्या पातेल्यात बिरडं पुरं शिजवलं. खाऊन होईस्तोवर सूर्य खाली गेला आणि वारा बोचायला लागला. तनयाबाईंनी शाल घट्ट केली. "शेगडी तंबूत घेऊन बसूया का? जरा ऊब मिळेल."

किमयाने तोंड उघडायच्या आत धोंडुबाई उठून उभी राहिली. "नाय बाई, तंबूत जाळ नाय! बंद जागंत जीव गुदमरतो, मानसाला कळतपन नाय. पोरगीनं सकाळीच सांगितलं मला. मी हसले तिला तेव्हा. आता नाय हसत." मग आवाज खाली आणून म्हणाली, "बाई, दुपारची चूक माझी. पोरीची नाय. तिला माघारी धाडू नका."

तनयाबाई किमयाकडे वळल्या. "मुलांना 'नाही' कोणीही म्हणतं, किमया. पाहुण्यांसमोर स्वतःच्या आईला 'नाही' म्हणणारी मी आज पहिल्यांदा पाहिली. चाळीसही मुलं तुझ्याकडे पाठवते."

धोंडुबाईचा ऊर भरून आला. डोळे पुसायला पदर वर गेला खरा, पण मान मात्र ताठ होती, लग्नाच्या मांडवात वरमाय फिरते तशी.

"पाठवा, बाई, खुशाल पाठवा," ती म्हणाली. "हिनं माझी शेगडी विझवली! तुमची पोरं कोन लागून गेलीत?"