निरीक्षकांची ब्रोकोली

“पोरीच्या हाताला चव आहे गं,” आत्या म्हणाली होती. बोटं चाटत म्हणाली होती, घरभर ऐकू जाईल अशा गळ्यानं म्हणाली होती. पोर तेव्हा फ्रॉकमध्ये होती. स्टुलावर चढून तिनं पहिल्यांदाच बटाटे परतले होते, तेही अर्धे करपवून. पण आत्याचं ते एक वाक्य तिला शेगडीपुढं उभं करून गेलं, ते गेलंच. माहेरी उभी, सासरी उभी. लेक पोटात असताना उभी, लेक लग्न होऊन गेली तरी उभी.

मग नवरा निवृत्त झाला. वजनमापांच्या खात्यात निरीक्षक होता तो. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचा, खोटी वजनं जप्त करायचा. खुर्ची गेली पण खोड गेली नाही. घरात तपासायला तराजू नव्हता, म्हणून त्यानं तो विकत आणला. डॉक्टरांनी हिरव्या भाज्या वाढवा म्हटल्याचं निमित्त झालं आणि साहेबांनी ब्रोकोलीचा कारभार आपल्याकडे घेतला. ब्रोकोलीमागून शेगडी आली, शेगडीमागून सगळं स्वयंपाकघर.

आणि ती? ती बाहेरच्या खोलीत खिडकीशी खुर्ची ओढून बसली. चहा तळापर्यंत गरम राहू शकतो हे तिला पन्नाशी उलटल्यावर कळलं. पेपर आधी आपल्या हातात येतो, कोरा, घडी न मोडलेला, हेही तेव्हाच कळलं. समोरच्या भिंतीवर ऊन चढायचं, उतरायचं, आणि तिला उठायचं नसायचं. ही सकाळ हातची जाऊ नये, बाकी काही नको, असं तिला आतून वाटे.

पण हे सांगायचं कुणाला? हाताला चव असलेली बाई ती! राज्य गेलेल्या राणीनं थोडी तरी आदळआपट करायला हवी, नाहीतर लोक काय म्हणतील? म्हणून ती नवऱ्याला नावं ठेवायची. आणि खरं बोलायचं तर आता तिला त्याची गोडी लागली होती. नवरा तरी काय, नावं ठेवून घ्यायलाच जन्माला आल्यासारखा.

त्या रविवारी लेक-जावई जेवायला यायचे होते. निरीक्षक सकाळीच बाजाराला निघाले, तशी तीही मागोमाग निघाली. पिशवी धरायला, असं म्हणाली. गेली होती तमाशा बघायला.

भाजीवालीनं साहेबांना लांबूनच ओळखलं आणि कपाळाला हात लावला. साहेबांनी आधी खिशातून आपलं पितळी वजन काढून तिच्या तराजूवर ठेवलं. काटा बरोबर निघाला, तेव्हा चेहरा थोडा पडलाच त्यांचा. मग टेप निघाली. एकेका गड्ड्याचा घेर मोजून झाला. कळ्या घट्ट मिटलेल्या आहेत का, कुठं पिवळी झाक आहे का, हे उन्हाकडे धरून, चष्मा वर-खाली करून बघून झालं. मुलगी बघायला आलेला माणूसही इतकं निरखत नाही, असं तिच्या मनात आलं. आपल्याला बघायला आला होता तेव्हा हाच माणूस सगळा वेळ पंख्याकडे बघत बसला होता, हेही आलं.

शेवटी एक गड्डा पसंत पडला आणि साहेबांनी खरा मुद्दा काढला. दांडा हे वेष्टन आहे, म्हणाले. वेष्टनाचं वजन मालात धरता येत नाही, ते वजा करा.

“मग केळीही सोलून देऊ का, साहेब?” भाजीवालीनं विचारलं. मग हिच्याकडे वळून म्हणाली, “काकू, घरी पण असंच चालतं का हो?”

“घरी मला रोज उभं करून तपासतात,” ती म्हणाली. “अजून शिक्का मारलेला नाही, एवढंच.”

भाजीवाली पदर तोंडाला लावून हसली. शेजारचा कांदेवाला हसला. निरीक्षकांनी दांड्यासकट पैसे दिले आणि घरी येईपर्यंत बायकोच्या दोन पावलं पुढं चालत राहिले.

घरी ॲप्रन चढला. दांडा कापून थेट कचऱ्यात गेला. तुरे पट्टीला लावून कापले गेले, सगळे एका मापाचे. मापात न बसलेले ताटलीत वेगळे ठेवले गेले. ती दारातच उभी होती, आत पाऊल न टाकता.

“हा जप्तीचा माल वाटतं?” तिनं विचारलं. साहेबांनी ताटली पलीकडे सरकवली.

मग तुरे वाफेवर चढले, आणि इथं त्यांच्यातला निरीक्षक जागा झाला. दुकानात पोत्यातून नमुना काढावा तसा ते एकेक तुरा चिमट्यानं बाहेर काढत. काट्यानं टोचत, दाबत, उजेडात धरत, मान हलवत, पुढचा काढत. प्रत्येक नमुन्याला न्याय मिळत होता. भांड्यातला बाकीचा माल मात्र तोवर मुकाट शिजत होता. हिरव्याचा शेवाळी झाला, शेवाळीचा मातकट, आणि नमुने संपेपर्यंत खाली लगदा उरला. तिला दारातून सगळं दिसत होतं. गॅस बंद करा, एवढंच म्हणायचं होतं. ती म्हणाली नाही.

जेवताना जावयानं पहिला घास घेतला आणि पाणी मागितलं. लेकीनं लसूण-मिऱ्याखाली दडलेला लगदा चमच्यानं उकरला, बापाकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि हळूच विचारलं, “आई, तू का नाही केलंस गं?”

खरं तर ही जागा गप्प बसायची होती. पण जीभ एकदा सुटली की आवरत नाही, आणि समोर ऐकायला माणसंही होती.

“जन्मभर दुसऱ्यांची मापं काढली यांनी,” ती म्हणाली. “स्वतःचं माप काढायची वेळ आली, तर हा लगदा निघाला.”

जावई ताटात बघत राहिला. कुणी हसलं नाही. निरीक्षकांचा चमचा तोंडाशी गेलेला तसाच खाली आला. ते उठले. ॲप्रनची गाठ त्यांना मागच्या मागं सुटेना, तेव्हा त्यांनी तो डोक्यावरून ओढून काढला, नीट घडी करून ओट्यावर ठेवला. तराजू फडक्यानं पुसून खोक्यात घातला आणि खोक्याचं झाकण दोन्ही हातांनी दाबून बसवलं.

“उद्यापासून तूच कर,” ते म्हणाले. “उगाच लुडबुड केली मी तुझ्या कामात.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं.

लेकीनं सुटकेचा श्वास टाकला. चला, आईचं राज्य आईला मिळालं, म्हणाली. जावई म्हणाला, सासूबाई, रात्रीचं जेवण तुमच्या हातचं झाल्याशिवाय आम्ही काही हलत नाही. दोघांनी प्रेमानं तिच्याकडे बघितलं. जिंकली होती ती. ओट्यावर घडी घातलेला ॲप्रन होता, वाट बघत.

पुढं काय, ते तिला लख्ख दिसलं. उद्याची सकाळ, परवाची, आणि त्यानंतरच्या सगळ्या. खिडकीतली खुर्ची रिकामी, आणि आपण उभ्या.

“अहो,” तिनं हाक मारली.

ते खोकं उचलून माळ्याकडे निघाले होते. थांबले, वळले नाहीत.

“ते खोकं खाली ठेवा. मला नाही आवडत स्वयंपाक.” लेकीनं चमकून वर बघितलं, तरी ती थांबली नाही. “आज नाही, काल नाही, कधीच नाही आवडला. कुणी विचारलं नाही, मीही बोलले नाही. भिकार करता तुम्ही, अगदी भिकार. पण तुम्हीच करा.”