भंडारा पुसलेला ढोल

मी एक जुना धनगरी ढोल आहे. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एका अनाथाश्रमाच्या कचेरीत मला खिळ्याला टांगलंय आणि खाली पाटी लावलीय, 'हात लावू नये.' ढोलाला हात लावायचा नाही, तर काय ओवाळायचं?

मित्रांनो, माझा जन्म सांगोल्याकडचा. खोड कोरून, बकऱ्याचं कातडं ताणून मला घडवलं. बिरोबाच्या जत्रेत माझा घुमारा दोन गावांना ऐकू जाई. दुष्काळात मेंढरं मेली, तेव्हा माझा धनी धुळाप्पा मला पाठीवर टाकून सोलापूरला आला आणि या आश्रमाचा पहारेकरी झाला.

आश्रमात गोजा नावाची चौदा वर्षांची पोर होती. तिची आई पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं गेली. पटकीच्या रोग्याला पाणी देऊ नये, असं तेव्हा सगळेच सांगत. आईनं पाणी मागितलं आणि गोजानं ते दिलं नाही. तेव्हापासून पोर मुकी झाली. तिनं बोलावं म्हणून मॅनेजरसाहेबांनी तिला उपाशी ठेवलं, छड्या मारल्या. सगळं पालथ्या घड्यावर पाणी!

धुळाप्पा रविवारी माझ्यावर भंडारा उधळी, मगच थाप मारी. भंडाऱ्याशिवाय धनगर ढोल वाजवत नाही. भंडारा पडला की देव ऐकायला बसतो, अशी आमची श्रद्धा. गोजा दर रविवारी थोडी जवळ सरकायची. एकदा त्यानं भंडाऱ्याची पिशवीच तिच्यापुढं धरली.

"पोरी, मानसांस्नी नगं सांगूस. द्येवाला सांग की."

तिनं चिमूटभर भंडारा माझ्यावर टाकला आणि ओवी धरली. आईनं पाणी मागितलं, म्या दिलं न्हाय, असं गात ती ओक्साबोक्शी रडली. दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या तोंडानं भाकरी मागितली. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

पण ही गोष्ट साहेबांच्या कानी गेली. देणगीदार पाहुणे यायचे होते, त्यांच्यापुढं गोजाला गायला लावायचं ठरलं. गोजाला नवं परकर-पोलकं मिळालं. भंडाऱ्यानं सतरंजी खराब होईल, म्हणून मला ओल्या फडक्यानं पुसून काढलं.

धुळाप्पानं हात जोडले. "सायेब, भंडारा न्हाय तितं द्येव न्हाय. मग पोर कुनाला सांगंल?"

"पाहुण्यांना सांगेल," साहेब म्हणाले.

ओलं कातडं कसलं घुमतंय? मी नुसता भदभद वाजलो. गोजा 'म्या दिलं न्हाय' या ओळीवर आली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. ती दचकून थांबली. पुढच्या खुर्चीतल्या बाई कौतुकानं म्हणाल्या, "गळा लई गोड हाय की हिचा!"

गोजानं तोंड मिटलं ते मिटलंच.

धुळाप्पा साहेबांशी भांडला, म्हणून त्याला हाकललं. मला मात्र आश्रमाची शोभा म्हणून ठेवून घेतलं. समोरच्या खोलीत गोजा मुकाट्यानं मागाच्या कांड्यांवर सूत भरते. साहेब तिच्याकडं बोट दाखवून पाहुण्यांना सांगतात, "आता मुळीच रडत नाही. सुधारली."

मित्रांनो, माझ्यावरची धूळ झटकली नाहीत तरी चालेल. पण कुणी आपलं दुःख तुमच्यापुढं गायलं, तर कृपा करून टाळ्या वाजवू नका.