एका हाताने आवळलेली चाकं

सकाळी निघतानाच मी नवऱ्याला कबूल केलं होतं, की आज मध्येमध्ये बोलणार नाही. "बघायचं आणि गप्प बसायचं," तो म्हणाला. "तुला जमायचं नाही, पण प्रयत्न कर."

बघणं मला जमतं. ठमी झाल्यापासून मी दुसरं करते काय? तिचा श्वास चालू आहे ना, गॅस बंद आहे ना, दाराला कडी आहे ना. नवरा म्हणतो, आपल्या घरी कॅमेरा लावायची गरज नाही, एक आहे, फक्त त्याला वेळेवर जेवायला घालावं लागतं.

गाडीचे पुढचे ब्रेक घासले होते. ते स्वतःच्या हाताने बदलायचे, हे खूळ त्याच्या डोक्यात कित्येक दिवस होतं. त्यासाठीच ही शेड. पूर्वीचं गोदाम, जमिनीवर पिवळ्या पट्ट्या ओढून पाडलेले खण, आणि तासाच्या भाड्याने खण घेऊन आपापल्या गाड्यांशी झटापट करणारी हौशी मंडळी. गाडी गॅरेजमध्ये टाकणं ज्यांना सहज परवडेल, अशीच सगळी. पण रविवारी हात काळे केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. अवजारं एका जाळीच्या खिडकीतून मिळतात. खिडकीमागचा माणूस आधी बँकेत कॅशियर होता, म्हणून इथेही सगळे त्याला कॅशियरच म्हणतात. टोकन दिल्याशिवाय तो साधा स्क्रू-ड्रायव्हरही देत नाही.

मी पट्टीच्या अलीकडे, कुठल्या तरी गाडीच्या काढून ठेवलेल्या मागच्या सीटवर ठमीला घेऊन बसले होते. संध्याकाळी याच गाडीतून आम्हाला सासूबाईंकडे जायचं होतं. मध्ये डोंगर, आणि पलीकडे लांबच लांब उतार.

"ठमीसकट जायचंय," मी सकाळी एकदाच म्हटलं.

"माहितेय. मी तिचा बाप आहे, शेजारी नाही."

चाकांचे नट निघता निघेनात. शेवटी तो पान्याच्या दांड्यावर उभा राहिला, अख्खा, खांबाला धरून, आणि हलकेच उड्या मारायला लागला. प्रत्येक नट किंचाळत सुटत होता. ठमी दचकली, मग तिला त्याची गंमत वाटायला लागली.

शेजारच्या खणात एक दातांची डॉक्टर मोटारसायकलचं इंजिन उघडून बसली होती. कोपरापर्यंत ग्रीस. "दवाखान्यात माणसं सारखी तोंड मिटतात," ती मला म्हणाली, "इंजिनाचं तोंड निदान उघडलं की उघडं राहतं." मी हसले. बरी वाटली मला ती. कामही किती नाजूक हाताने करत होती. लहान लहान बोल्ट, एकेक आवळत, आणि प्रत्येक वेळी हातातल्या लांब पान्यातून येणारा आवाज : टक्.

त्या पान्याला इथे सगळे टक्याच म्हणतात. मुठीवरचा आकडा फिरवून किती घट्ट करायचं ते आधी ठरवायचं, तेवढा जोर झाला की तो टक् करून सांगतो, बास. सकाळी आम्ही नवखे म्हणून कॅशियरने खिडकीतून भाषणच दिलं होतं : परत देताना टक्या शून्यावर आणून द्यायचा, आणि नव्या माणसाला आकडा मीच लावून देणार, तुम्ही हुशारी करायची नाही. नवरा मान डोलवत होता. ऐकत मी होते.

दुपार कलली तोवर नवे ब्रेक बसले, चाकं चढली, गाडी खाली टेकली. नवऱ्याचा चेहरा असा फुलला होता, की मलाच लाज वाटली सकाळच्या माझ्या तोंडाची. आता फक्त नट शेवटचे आवळायचे होते. तो खिडकीकडे निघाला, तेवढ्यात डॉक्टरने हात पुढे केला. "हा घ्या ना टक्या. माझं झालं. कुठे खिडकीपर्यंत हेलपाटा घालता?"

"अरे वा, थँक्यू!"

हातातून हातात. त्याने तो तसाच नटावर लावला. टक्. पुढचा. टक्. डॉक्टरला ब्रेकबद्दल काहीतरी सांगत, मान तिच्याकडे वळवून, एका हाताने. टक्, टक्. या चाकाचं झालं, त्या चाकाचं झालं.

माझ्या मनात पाल चुकचुकली. सकाळी जे नट सोडवायला हा उभाच्या उभा वर चढला होता, ते आता गप्पा मारत, एका हाताने आवळले जातात? मोटारसायकलच्या त्या इवल्याशा बोल्टांना जितका जोर लागत होता, तितकाच?

मग लगेच दुसरं मन. तुला काय कळतं गं? सोडवताना गंज असतो, लावताना नसतो. तू परवा औषधाच्या बाटलीचं झाकण तीनदा उघडून पाहिलंस. तू जिन्यावरून परत आलीस, इस्त्री बंद आहे का बघायला, आणि घरात इस्त्री लावलेलीच नव्हती. माझ्या काळजीची अडचणच ही, की खरी आणि खोटी अगदी सारखी दिसते.

मी उठले, बसले, ठमीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. डॉक्टरला हळूच विचारावं, तर ती हात धुवायला गेलेली. कॅशियरकडे जावं, तर ती नवऱ्याची तक्रारच झाली. आणि तेवढ्यात गाडी सुरू झाली.

इथली एक रीत आहे. कुणी पहिल्यांदा स्वतः दुरुस्त केलेली गाडी बाहेर काढली, की सगळे हातातलं काम थांबवून पाने वाजवतात. लोखंडावर, पिंपावर, जे समोर असेल त्यावर. शेड दणाणून गेली. नवरा खिडकीतून राजासारखा हात हलवत होता. त्याने माझ्याकडे बघून मागच्या सीटकडे बोट केलं : चला, बसा.

मी गाडीसमोर जाऊन उभी राहिले. ठमीसकट.

"अगं, सरक की! फोटो नंतर काढ."

"बंद कर."

"काय?"

"गाडी बंद कर. नट सैल आहेत."

पाने एकेक करून थांबले. शेवटचा कुणाचा तरी उगाच एकदा वाजला, मग तोही गप्प.

नवरा खाली उतरला. आवाज अगदी खाली आणून, दात आवळून म्हणाला, "आत्ता? इतक्या लोकांसमोर? घरी चालतं तुझं, मी काही म्हणतो का? प्रत्येक नटाला टक् झालंय. तूही ऐकलंस."

"ऐकलं. पण कितीवर झालं?"

"म्हणजे?"

"आकडा कुणी लावला?"

"आकडा लावलेलाच येतो ना! कॅशियर..." तो थांबला.

डॉक्टर ओले हात झटकत येत होती. मी तिला विचारलं, "तुम्ही टक्या दिलात, तेव्हा शून्यावर केला होता?"

"नाही गं. तसाच दिला. हे लावतीलच ना आपला आकडा, म्हणून..." तिने माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग चाकाकडे. "अहो, तुम्ही बदलला होतात ना?"

कॅशियर बाहेर आला, टक्याची मूठ फिरवली, आकडा गाडीचा लावला आणि नवऱ्याच्या हातात दिला. "बघा."

नवऱ्याने पाना पहिल्या नटावर ठेवला आणि दाबला. नट फिरला. टक् नाही. दोन्ही हात लावले, पाय रोवले, नट आणखी फिरला, आणि मग कुठे टक्. दुसरा तसाच. तिसरा तसाच. सगळी शेड बघत होती. प्रत्येक नट फिरला की माझ्या डोळ्यांसमोर तो उतार यायचा.

"माझंच चुकलं," डॉक्टर म्हणाली. "खिडकीतच परत द्यायला हवा होता."

"तुमचं अर्धं, यांचं अर्धं," कॅशियर म्हणाला. "आणि चाक निघालं असतं ते मात्र पूर्ण."

नवऱ्याने टक्या शून्यावर आणून परत दिला, हात पुसले आणि मला म्हणाला, "आता बसतेस?"

"आधी तू एकटा एक चक्कर मारून ये."

त्याला लागलं ते. दिसलं मला. पण मान हलवून तो बसला आणि गेला. गाडी कोपऱ्यावरून वळली, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं, मी काय केलं ते. ठमीला बसवायला घाबरले आणि तिच्या बापाला पाठवून दिलं. वर ब्रेकही नवेच, आणि तेही त्यानेच बसवलेले.

मी फाटकाशी जाऊन उभी राहिले. एक चक्कर म्हणजे तो पुढचा चौक आणि परत. एक पांढरी गाडी आली, आमची नाही. दुसरी आली, तीही नाही. ठमी रडायला लागली, मी तिला थोपटत होते, पण नजर कोपऱ्यावरून हलत नव्हती. फोन लावावा तर गाडी चालवताना उचलेल, न लावावा तर... डॉक्टर पाणी घेऊन आली. "येतील हो," ती म्हणाली, आणि तीही तिथेच उभी राहिली.

किती वेळाने कोण जाणे, गाडी वळणावर दिसली. हळू. फारच हळू. फाटकाच्या बऱ्याच अलीकडे ती अलगद थांबली.

"कुठे होतास?" मी ओरडलेच.

"चौकाजवळ थांबलो होतो." त्याचे हात पुन्हा काळे झाले होते. "डिकीतला पाना काढला आणि सगळे नट परत बघितले."

"सैल होते?"

"नाही. घट्ट होते."

"मग पुन्हा निघालास ना लगेच?"

"निघालो. पुढे जाऊन आणखी एकदा थांबलो." तो खाली पायांकडे बघत म्हणाला. "रोज असंच होतं का गं तुला?"

मी मागचं दार उघडलं, ठमीला तिच्या सीटमध्ये बसवलं आणि पट्टा लावला. पट्टा ओढून पाहिला. पलीकडून हात घालून त्यानेही पाहिला.