बारा सुयांची उशी

मी एक जुनी उशी आहे. डोकं टेकायची नव्हे, सुया टोचायची. मुठीत मावेन एवढीच आहे, पण माझ्या अंगाला जितकी भोकं आहेत तितकी चाळणीलाही नसतील. सध्या माझं पोट उभं चिरलेलं आहे आणि आतले केस बाहेर आले आहेत. मित्रांनो, बघून दचकू नका. पोट चिरलं ते बरंच झालं. ते एक तास उशिरा चिरलं, याचंच मला वाईट वाटतं.

माझा जन्म जपानमधल्या मात्सुमोतो गावचा. कियो नावाच्या मुलीने लग्नाआधीच्या हिवाळ्यात मला शिवलं. आमच्याकडे अशा उशीत कापूस भरत नाहीत, आपलेच केस भरतात. केसांना लावलेल्या तेलामुळे सुया गंजत नाहीत. कियोने वर्षभर विंचरताना निघालेले केस कागदाच्या पुडीत जपले आणि माझ्यात दगडासारखे ठासून भरले. तिच्या कॅमेलियाच्या तेलाचा वास माझ्या अंगातून अजून गेलेला नाही. हा वास लक्षात ठेवा. पुढे त्यानेच घात केला.

माझ्यावर बारा सुया असत. संध्याकाळी शिवण आवरताना त्या मोजायच्या. बारा भरल्या तर जेवायला बसायचं. अकरा भरल्या तर कुणी पाऊलही उचलायचं नाही. आमच्या घरात जमिनीवर गवताच्या जाड चटया असतात, तातामी म्हणतात त्यांना. त्यात शिरलेली सुई शेवटी कुणाच्या तरी तळपायातच सापडते. चाळीस वर्षांत सुई दोनदाच हरवली आणि दोन्ही वेळा भात निवायच्या आत सापडली. कियोच्या बारा म्हणजे बाराच, असं शेजारीसुद्धा म्हणायचे. मोडलेल्या सुया ती फेकत नसे. फेब्रुवारीच्या आठ तारखेला देवळात नेऊन त्या मऊ टोफूत, म्हणजे सोयाबीनच्या पनीरात, खोचायच्या, ही आमची रीत. जन्मभर जाड कापडात घुसलेल्या सुईला शेवटी तरी मऊ जागा मिळावी, एवढाच त्यामागचा भाव. मला तेव्हा आमच्या घराचा फार अभिमान वाटायचा.

मग कियोला काचबिंदू झाला. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग समोरचंही. तेव्हा ती लेकीकडे, तोमोएकडे, राहत होती. तोमोए पोस्टात कामाला जायची आणि जावई शिगेओ बस चालवायचा. म्हातारी दिवसभर एकटी.

"आई, पुरे आता शिवण," तोमोए म्हणाली. "चटईत सुई गेली तर?"

"मग दिवसभर काय करू? भिंतीशी बोलू?"

"ते आंधळ्यांना वाट दाखवणारे कुत्रे असतात ना, त्यांच्या केंद्रात विचारू या का? बाहेर तरी पडशील."

"म्हणजे माझ्या डोळ्यांची गावभर दवंडी पिटायची आहे तुला! नको मला कुत्रा. मला माझ्या सुया दे."

शेवटी तोड निघाली. रोज सकाळी कामावर जायच्या आधी तोमोए बारा सुयांमध्ये लाल दोरा ओवून त्या माझ्यावर लावून द्यायची. कियो चाचपत चाचपत शाळेसाठी फरशी पुसायची फडकी शिवायची. संध्याकाळी तोमोए सुया मोजून घ्यायची. "एक जरी कमी भरली ना आई, तर शिवण कायमची बंद," असं तिने बजावलं होतं.

पहिली सुई गेली ती माझ्याच पोटात. कियोने अंगठ्याने दाबली आणि ती नेढ्यासकट, दोऱ्याच्या शेपटासकट आत उतरली. कियोने बोटांनी मोजलं. अकरा. तिने तासभर चटईवर तळवे फिरवले. मग उठून तिने चहाच्या डब्यामागे लपवलेलं सुयांचं पाकीट काढलं आणि त्यातली एक कोरी सुई माझ्यावर खोचली. तोमोए घरी आली, तिने मोजल्या. बारा.

"बघ, तुझी आई अजून आंधळी नाही झाली," कियो म्हणाली आणि हसली.

मीसुद्धा मनातल्या मनात हसले, मित्रांनो. आमच्या दोघींचं गुपित आहे असं मला वाटलं. सहा वर्षांत तिने माझ्या पोटात आठ सुया उतरवल्या आणि पाकिटात कितीदा हात घातला ते मी मोजलं नाही. मोजायला हवं होतं.

कियो गेली. तोमोएच्या मनाला मात्र एक गोष्ट खात राहिली. आईला कुत्रा मिळाला असता तर शेवटची सहा वर्षं तिने चार भिंतींत काढली नसती. म्हणून नोकरी संपल्यावर तिने त्या केंद्रातली पिल्लं वाढवायला घेतली. दोन महिन्यांचं पिल्लू घरी आणायचं. बस म्हटलं की बसायचं, खाली पडलेलं काही उचलायचं नाही, जेवणाऱ्याच्या ताटाकडे बघायचं नाही, हे सगळं त्याला शिकवायचं. वर्षाचं झालं की ते परत द्यायचं, म्हणजे ते पुढचं शिक्षण घेऊन कुणाचे तरी डोळे होतं. लेकरासारखं वाढवायचं आणि हसत हसत निरोप द्यायचा. तोमोएला हसणं कधीच जमलं नाही.

शिगेओही निवृत्त झाला होता आणि त्याने सुतारकामाचा नाद लावून घेतला होता. पिलांसाठी जिन्याला फाटक कर, खाण्याच्या भांड्याला चौरंग कर, असं त्याचं चालायचं. तोमोए पिलांची पावसाळी जॅकेटं शिवायची. एका खोलीत खिळे, दुसऱ्या खोलीत सुया, आणि मधे पिल्लू. विस्तवाशी खेळच तो. पहिलं पिल्लू हिबिकी एकदा स्क्रू तोंडात धरून आलं. तेव्हापासून शिगेओ काठीला लोहचुंबक बांधून रोज संध्याकाळी जमिनीवरून फिरवू लागला.

"काय बाईसाहेब, बारा झाल्या का?" तो ओरडायचा.

"झाल्या. तुमचे खिळे आधी बघा!"

दुसरं पिल्लू मोको दोन दिवस पाय उचलून चालत होतं. पंजाला बारीकसं टोचलेलं दिसत होतं. बागेतला काटा असेल, असं म्हणून सगळ्यांनी विषय सोडला. मला मात्र शंका आली. पण उशीला तोंड नसतं.

तिसरी नागी. सायीच्या रंगाची, गुणी कुत्री. मी उंच फळीवर असायचे आणि नागी खाली बसून नाक वर करून माझा वास घ्यायची. कियोचं तेल ते. "आजीची आठवण येते का गं तुला?" तोमोए तिला विचारायची. नागीने तिच्या आजीला कधी पाहिलंही नव्हतं.

या वर्षी नागीचा निरोप फेब्रुवारीतच ठरला. केंद्रातल्या निवाबाई, आमच्या भाषेत निवासान, महिन्यातून एकदा पिल्लू बघायला यायच्या. त्या म्हणाल्या, "पहिल्या रात्री पिलं रडतात. घरचा वास असलेलं एखादं खेळणं दिलंत तरी चालेल. फक्त शिवण पक्की करा."

त्या वाक्यानंतर तोमोएने वर फळीकडे पाहिलं, आणि मला कळलं.

आठ तारखेला तिने माझ्यावरच्या बाराच्या बारा सुया मोजून काढल्या आणि देवळात नेऊन टोफूत खोचल्या. "म्हाताऱ्या झाल्या, सुटल्या," ती परत येऊन म्हणाली. मग तिने मला मुठीत दाबून पाहिलं. केस इतके घट्ट होते की बोटांना काही लागलं नाही. पिलांच्या जुन्या जॅकेटांचे निळे तुकडे जोडून तिने एक मासा शिवला, त्याच्या पोटात मला घातलं आणि दुहेरी टाका मारला. इतकी सुबक शिवण मी कधी पाहिली नव्हती. आत काळोख होता. माझ्या पोटात आठ सुया होत्या, आणि मला एका पिलाच्या रात्रीच्या सोबतीला धाडणार होते. मी ओरडत होते, मित्रांनो. पण ऐकणार कोण?

"नागी, हे बघ तुझ्यासाठी काय केलंय!"

तासभर मी तिच्या दातांत होते. ती मला चावत नव्हती, चोखत होती, डोळे मिटून. गोड कुत्री. माशाच्या शेपटीकडचा एक टाका ओला होऊन सैल पडला. तेवढ्या फटीतून एक सुई लाल दोऱ्यासकट निघून गेली. ती जाताना मला जाणवली.

संध्याकाळी शिगेओ चुंबक घेऊन आला. चुंबक माशाजवळ गेलं आणि मासा टक् करून त्याला चिकटला.

"अगं, सुई राहिलीय यात."

"शक्यच नाही. बारा मोजून काढल्यात मी."

"मग हा मासा काय माझ्या प्रेमात पडला?"

"आईची मोजणी आहे ती! आजवर चुकलेली नाही." तोमोएला खरंच राग आला होता. पण चुंबक काही मासा सोडेना. तिने कात्री घेतली, मासा उसवला आणि मग मला उभं चिरलं. केसांच्या गुंत्यातून एक सुई निघाली. मग दुसरी. लाल दोऱ्याचं शेपूट असलेली तिसरी. दोरा ओळखीचा होता. तो तिनेच ओवला होता.

"आई," ती एवढंच म्हणाली. तिला सगळं समजलं होतं. सात सुया तिने कागदावर मांडल्या. मग तिची नजर माशाच्या सैल टाक्यावर गेली.

नागीपुढे जेवण ठेवलं. तिने नेहमीसारखं चाटूनपुसून खाल्लं.

"खातेय की छान," शिगेओ हळूच म्हणाला. "काही झालेलं नसेल. परवा निरोप आहे. उगाच सांगितलं तर आपल्याला पुन्हा पिल्लू नाही मिळायचं, तोमोए."

"आईपण छान जेवायची," तोमोए म्हणाली. "खोटी सुई खोचून झाली की पोटभर जेवायची. शिवण बंद होऊ नये म्हणून." तिने फोन उचलला. "निवासान, लगेच या. सात सापडल्या आहेत. आणखी होती का ते मला माहीत नाही. माहीत नाही म्हणूनच फोन केला."

ते सगळे नागीला घेऊन गाडीतून डॉक्टरांकडे गेले. मी चिरलेल्या पोटाने मेजावर पडून राहिले. माझ्या साठ वर्षांच्या आयुष्यात वेळ इतका सावकाश कधी गेला नव्हता. मला ठाऊक होतं, सांगता येत नव्हतं.

दोघे परत आले ते नागीशिवाय. माझ्या केसांवर हात ठेवून तोमोए रडली. त्यांच्या बोलण्यातून मला कळलं ते असं: एक्स-रेत सुई दिसली, पोटात, आतड्याच्या तोंडाशी. डॉक्टरांनी दुर्बिणीने ती ओढून काढली. सकाळपर्यंत थांबले असते तर आतडं फाटलं असतं. नागी वाचली. महिनाभर उशिरा का होईना, तिचं शिक्षण सुरू झालं आहे.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण एप्रिलमध्ये निवासान आल्या आणि म्हणाल्या, "तोमोएसान, तुम्ही त्या दिवशी खरं सांगितलंत, म्हणून पुन्हा तुमच्याकडेच आले. रविवारी नवं पिल्लू आणू का?"

तोमोएचा चेहरा उजळला. त्याच दुपारी तिने चहाचे डबे पुसायला काढले आणि मागे कियोचं पाकीट सापडलं. पंचवीस सुयांचं. त्यात पाचच उरल्या होत्या.

वीस गेल्या. माझ्यात आठ.

बारा सुया घरात कुठेतरी आहेत. त्या माझ्यात आल्याच नव्हत्या. चटईवर पडल्या आणि गवतात शिरल्या. वरवर फिरणाऱ्या चुंबकाला त्या कधी लागल्या नाहीत. मोकोच्या पंजात काटा नव्हता, मित्रांनो.

गेले पाच दिवस दोघे एकेक चटई उचलून, उसवून बघत आहेत. शिगेओ आता थट्टा करत नाही. चुंबक टक् म्हणालं की दोघे तिथलं गवत हातांनी पिंजून बघतात. काल संध्याकाळपर्यंत अकरा सापडल्या. आज शनिवार. सगळ्या चटया पुन्हा पाहून झाल्या. पिलासाठी केलेली टोपली दाराशी ठेवलेली आहे, आत धुतलेलं पांघरूण आहे.

मघाशी तोमोए पाकीट हातात घेऊन उभी होती. पाच कोऱ्या सुया. त्यातली एक कागदावर ठेवली असती तर बारा झाल्या असत्या आणि उद्या पिल्लू आलं असतं. कुणालाही कळलं नसतं. मला कळलं असतं, पण माझा काय उपयोग?

तिने पाकीट मिटलं आणि फोन केला. "निवासान, उद्या नका आणू पिल्लू. अकराच झाल्यात. बारावी सापडली की मी सांगते." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "नाही सापडली तर," तोमोए टोपलीकडे बघत म्हणाली, "तर नाही सांगणार."

मित्रांनो, मी आता कुणाच्या कामाची राहिलेली नाही. तोमोए मला टाकत नाही एवढंच. पण तुमच्या घरात पिल्लू असेल, तान्हं बाळ असेल, किंवा डोळ्यांनी अधू झालेली आजी असेल, तर माझं एवढं ऐका. आजीचं काही हरवलं तर तिला रागावू नका, म्हणजे तिला लपवावं लागणार नाही. आणि मोजताना कधी अकरा भरल्या, तर अकराच म्हणा.