जमनाने मागून नेलेली कढई

मित्रांनो, मी लोखंडाची जुनी कढई. कोरेगावजवळच्या एका लोहाराने मला तापवून, ठोकून घडवलं. इंदुबाईच्या आईने मला लेकीच्या संसाराला दिलं. पुढे इंदुबाईचे यजमान नागोराव तारापूरला वीजकेंद्राच्या बांधकामावर फिटर म्हणून लागले, तेव्हा त्यांच्या ट्रंकेबरोबर मीही जवळच्या सरावली गावातल्या चाळीत आले.

माझा खरा मान असायचा घेवड्याच्या दिवशी. गावाकडून आलेला वाळका घेवडा इंदुबाई रात्री भिजत घालायची. सकाळी तो इतका मऊ शिजवायची, की बोटाने दाबताच दाण्याचं पीठ व्हावं. मग माझ्यात तेल, लसूण, कांदा. कांदा तांबूस झाला की घेवडा त्याच्या पाण्यासकट आत. पळीच्या पाठीने ती तो घोटायची, परतायची, पुन्हा घोटायची. शेवटी तो माझ्या कडा सोडून मधे गोळा व्हायचा. रोजच्या तेलाने मी आतून काळीभोर, गुळगुळीत झाले होते.

तारापूरकडच्या कोळीवाड्यातून जमना सुकी मासळी विकायला यायची. इंदुबाईकडे मासळी चालत नव्हती, तरी जमना उंबऱ्याशी टेकायची, गप्पा व्हायच्या. एकदा इंदुबाईने तिला घोटलेला घेवडा दिला. चार घास खाऊन जमनाने वाटी खाली ठेवली.

"माजी सासू आजारी हाय," ती म्हणाली. "तिला दात नाय, आन मासलीचा वास आला का उलटी होते. आमच्या घरच्या सगल्या भांड्यांना तोच वास. दोन दिस तुजी कढय देशील काय बाय?"

इंदुबाईने मला दिलं, बरोबर घेवडाही दिला. जमनाने मला टोपलीत ठेवलं नाही. धुतलेल्या लुगड्यात गुंडाळून कडेवर घेतलं. घरी तिने माझ्यासाठी चूल अंगणात, माशांच्या वाळवणापासून लांब मांडली. राखेने हात धुतले आणि मगच घेवडा घोटायला घेतला. म्हातारी आधी नुसती चाटत होती. मग म्हणाली, "आनखी वाढ." जमनाने तोंड फिरवून डोळे पुसले.

दोन दिवसांनी तिने मला चाळीच्या नळावर इंदुबाईच्या हातात आणून दिलं आणि ती पुढच्या आळीत मासळी विकायला गेली. तेवढ्यात तिथे पाणी भरणारी शेजारची साखरबाई इंदुबाईला म्हणाली, "कोळणीच्या घरून आली ना गं ही कढई? वास बघ हो. नाहीतर आमच्याच्याने नाही बाई खाववणार तुझ्याकडचं."

नळावर आणखी बायका होत्या. सगळ्या इंदुबाईकडे बघू लागल्या. तिने मला नाकाशीसुद्धा धरलं नाही.

"येतोयच वास," ती मोठ्याने म्हणाली. "मासळीच शिजवली असणार तिने. घासते आता चांगली."

विटेची भुकटी घेऊन ती मला घासू लागली. मला कसलाही वास नव्हता, पण मी कुणाला सांगणार? एवढ्या वर्षांचा माझा काळा तकाकता थर खरवडून निघाला. त्याहून वाईट म्हणजे, कोपऱ्यावर टोपली घेऊन उभी असलेली जमना मला दिसली. तिने सगळं ऐकलं होतं.

"मासली नाय घातली गं बाय," ती हळूच म्हणाली आणि निघून गेली.

इंदुबाईचा हात थांबला. साखरबाई कळशी उचलून आपल्या खोलीत गेली.

त्यानंतर जमना सरावलीत फिरकली नाही. इंदुबाईला जेवण गोड लागेना. शेवटी ती मला पिशवीत घालून एसटीने कोळीवाड्यात गेली. जमनाने "ये, बस," म्हणून चटई टाकली. खाटेवरची म्हातारी टक लावून बघत होती.

"तूच काय ती कढयवाली?" म्हातारीने विचारलं. "लय उपकार केलेस गं माजे आये. आमची जमना सारखी तुजा गुन गाते."

जमनाने घरात काहीच सांगितलं नव्हतं. इंदुबाईची मान खाली गेली, ती वर येईना. माफी मागायची म्हणून वाटभर जुळवलेल्या शब्दांतला एकही तिने काढला नाही. मला पुढे सरकवून ती कशीबशी म्हणाली, "ही इथंच राहू दे. आजी बऱ्या होईपर्यंत."

जमना हसली. "नको बाय. पालघरच्या बाजारातून नवा टोप आनलाय मी." चुलीवर त्या नव्या टोपात वाल शिजत होते.

परतीच्या एसटीत इंदुबाईने मला मांडीवर घट्ट धरलं होतं. पदर डोळ्यांवरून खाली आला नाही.

मित्रांनो, पुढे जमना पुन्हा मासळी विकायला येऊ लागली. उंबऱ्याशी बसायची, हसायची, सासूची खुशाली सांगायची. पण तिने पुन्हा कधी काहीही मागितलं नाही. थर निघाल्यावर मला चढलेला गंज इंदुबाईने रोज तेल चोळून घालवला. घेवडा घोटताना मात्र तिचा हात मधेच थांबायचा, आणि का थांबला ते आम्हा दोघींनाच कळायचं.

मुलांनो, भांडी जपा, ती पुष्कळ वर्षं साथ देतात. पण चारचौघांत आपला मान राहावा म्हणून गरजवंताचा मान घालवू नका. त्या दिवशी नळावर इंदुबाईला फार काही बोलावं लागणार नव्हतं. "वास नाही" एवढंच म्हटलं असतं तरी पुरलं असतं.