दुसरं उत्तर

परभाषेच्या वर्गातल्या बाईंनी फोन टेबलावर ठेवला, स्पीकर चालू केला आणि मावशींकडे पाहिलं. मावशींनी तळहात मांडीवर पुसले.

पलीकडे घंटी वाजत होती. सातासमुद्रापलीकडच्या एका इस्पितळातली नर्स फोन उचलणार होती. मावशींचा एकुलता एक मुलगा तिच्याच वॉर्डात एकोणीस दिवस होता आणि तिथेच गेला.

चार महिन्यांपूर्वी मावशी वर्गात आल्या, तेव्हा पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत होती. वय एकसष्ट, काम पडदे शिवण्याचं, शाळा चौथीपर्यंत. "हसतील त्यांचे दात दिसतील," म्हणत त्या थेट पहिल्या बाकावर बसल्या. त्यांना एवढंच विचारायचं होतं, शेवटी त्याला फार त्रास झाला का? बाई म्हणाल्या होत्या, मीच विचारून सांगते की.

"नको. भाच्यानं इस्पितळाचं पत्र वाचलं, 'शांतपणे गेला' म्हणाला, आणि माझ्याकडे बघेचना. मला मधे कुणी नको."

मग दर गुरुवारी वर्ग सुटला की बाई नर्स व्हायच्या. मावशी प्रश्न विचारायच्या, बाई उत्तर द्यायच्या: नाही, त्रास झाला नाही. झोपेत गेला. दुसरं उत्तरही शिकवायला हवं, हे बाईंना कळत होतं. दर आठवड्याला त्या ठरवायच्या आणि ऐनवेळी कच खायच्या. मावशींची जीभ आत्ता कुठे वळायला लागली होती. त्यांना ते शब्द कोणत्या तोंडानं शिकवायचे?

नर्सनं फोन उचलला. मावशींनी आपलं नाव सांगितलं, मुलाचं सांगितलं, प्रश्न विचारला. एकही चूक झाली नाही. बाईंचा ऊर भरून आला.

नर्स सोप्या शब्दांत, सावकाश, बराच वेळ बोलली. बाईंना सगळं कळत होतं आणि ऐकवत नव्हतं. मावशींना त्यातलं 'आई' तेवढं कळलं.

त्यांनी शिकवल्याप्रमाणे आभार मानले. फोन बंद झाला.

"झोपेत म्हणाली नाही ती," मावशी म्हणाल्या.

"नाही."

"तुम्हाला सगळं कळलं ना?"

नेहमीचं उत्तर बाईंच्या ओठांवर आलंच होतं. मावशींनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"सांगू नका, बाई. तुम्ही सांगाल ते गोडच सांगाल." डोळ्यांना धार लागली होती, पण ती न पुसताच त्यांनी वहीचं कोरं पान काढलं. "ती बोलली ते शब्द शिकवा. पुढच्या गुरुवारी मी तिला पुन्हा विचारीन."

बाईंनी खडू उचलला. पहिला शब्द फळ्यावर लिहिला. मावशींनी तो एकेक अक्षर जुळवत उतरवून घेतला, दोनदा मोठ्यानं म्हटला, उच्चार बरोबर आल्याची खात्री करून घेतली.

"आता अर्थ सांगा," त्या म्हणाल्या.