असंच सुचलं

चष्मेवाल्याच्या घरात त्या वर्षी दोघांनी एकाच विद्यापीठात, एकाच विभागात अर्ज केला होता. थोरल्याने आणि धाकटीने. विभाग ग्रीक-लॅटिनचा. जागा बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यासाठी येणारी पोरंही थोडीच, पण जी येत ती झपाटलेली. बाप गिऱ्हाइकांना सांगायचा, "मेलेल्या भाषा बऱ्या. निदान उलट उत्तर देत नाहीत." गिऱ्हाईक हसायचं, आणि मागे यंत्रावर काचेची कड घासणारा थोरलाही हसायचा.

थोरल्याची ही दुसरी खेप होती. धाकटीला घरात भिंगरी म्हणत, कारण एका जागी बसणं तिला माहीतच नव्हतं. तिला बसवलं ते दादाने. शाळेत लॅटिन शिकवणारं कोणी नव्हतं. दादा वाचनालयातली पुस्तकं आणून आपलं आपण शिकला, आणि शिकलेलं कुणाला सांगितल्याशिवाय त्याला चैन पडेना म्हणून त्याने बहिणीला शिकवलं. चष्म्यांच्या रिकाम्या डब्या बाजूला सारायच्या आणि काउंटरवरच वही उघडायची. ती चुकली की तो रागवायचा नाही. नुसता स्वतःचा चष्मा काढून पुसत बसायचा. त्यापेक्षा तो रागावलेला परवडला असता.

आदल्या वर्षी मुलाखतीत दादाचं घोडं एका क्रियापदावर अडलं होतं. तिथे आधी न पाहिलेला उतारा हातात देतात आणि समोरच अर्थ सांगायला लावतात. उतारा साधा होता. लढाई संपून सैन्य परत येतं, वेशीपाशी गर्दी जमते, आणि जिचा मुलगा परतलेला नसतो अशी एक बाई गर्दीत न जाता घराच्या दारातच उभी राहते. तिच्याबद्दल वापरलेल्या क्रियापदाचा अर्थ 'हवं असणं' असाही होतो. दादा म्हणाला, "तिला मुलगा हवा होता."

"म्हणजे तिला मूल होत नव्हतं?" पांढऱ्या केसांच्या प्राध्यापकांनी विचारलं. मुलाखत घेणारे बाकीचे दोघं हसले. कुचेष्टेने नव्हे, पण हसले. त्यानंतर दादाची जीभ जी टाळ्याला चिकटली ती सुटलीच नाही.

ते क्रियापद वर्षभर त्याच्या मानेवर बसलं. जेवताना, फ्रेमचा स्क्रू पिळताना, गिऱ्हाइकाला समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावताना तो मधेच काहीतरी पुटपुटायचा आणि मान हलवायचा. एकदा आई दोन दिवस मावशीकडे गेली होती. ताटं वाढता वाढता तो थबकला आणि म्हणाला, "सापडलं. तिला मुलावाचून उणं उणं वाटत होतं." बाबा म्हणाले, "कुणाला?" भिंगरी तेवढी समजली. तिच्या अंगावर काटा आला होता.

यंदा दोघांच्या मुलाखती एकाच दिवशी आल्या. सकाळी दादा आत गेला. बाहेर आला तेव्हा चेहरा उतरलेला होता, पण म्हणाला, "बरी झाली. कुठल्या तरी कायद्यावरचा उतारा होता, वाक्यं मैलभर लांब. तू घाबरू नकोस, कर्ता आधी शोध."

जेवणानंतर तिला बोलावलं. लांबट खोली, पडदे अर्धवट ओढलेले, टेबलापलीकडे तीन माणसं. एक बाई, एक तरुण शिक्षक आणि पांढऱ्या केसांचे प्राध्यापक. तरुणाने कागद तिच्यासमोर सरकवला. पहिल्याच ओळीत सैन्य परत येत होतं.

'हा मला माहीत आहे' असं म्हणायला किती वेळ लागतो? शब्द ओठांवर आले होते. पण बाई प्रेमाने म्हणाल्या, "सावकाश कर हं," आणि भिंगरीने सुरुवात केली. ती सावकाशच गेली. वेशीच्या वाक्याला ती मुद्दाम अडखळली, डोकं खाजवलं, मग अर्थ लागल्यासारखं केलं. हे सोंग आपल्याला इतकं सहज जमतंय याची तिची तिलाच भीती वाटली. दारातल्या बाईचं वाक्य आलं. ती म्हणाली, "तिला मुलावाचून उणं उणं वाटत होतं."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. पांढऱ्या केसांचे प्राध्यापक पुढे झुकले. "हे कसं सुचलं तुला?"

"असंच," भिंगरी म्हणाली. "असंच सुचलं."

परतीच्या बसमध्ये दादाने विचारलं, "काय आलं होतं?"

"कुठल्याशा बंदराचं वर्णन," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

निकालाच्या दिवशी सकाळी दादाचा नकार आला. तो दुकानात जाऊन बसला. आईने भिंगरीला स्वयंपाकघरात गाठलं. "तुझं चांगलं आलं तर आनंद कर, पण हळू कर."

दुपारी त्या बाईंचाच फोन आला, दुकानाच्या नंबरावर. बाबांच्या हातात गिऱ्हाइकाची फ्रेम होती म्हणून त्यांनी स्पीकर लावला. "तुमच्या मुलीला प्रवेश मिळाला," बाई म्हणाल्या. "आणि तिला सांगा, तिचं ते 'उणं उणं' आम्ही विसरणार नाही. इतक्या वर्षांत त्या शब्दाला कुणी असा हात घातला नव्हता."

बाबांना त्यातलं काही कळलं नाही, पण छाती फुगली. दादा एका म्हाताऱ्याच्या नाकावर चष्मा बसवत होता. त्याचे हात थांबले नाहीत. "टोचतंय का?" त्याने म्हाताऱ्याला विचारलं. "थोडं सैल करतो."

म्हातारा गेला, बाबा आईला बातमी सांगायला घरात पळाले. भिंगरी खाली मान घालून उभी होती.

"तोच उतारा होता?"

"हो."

"मग सांगायचंस त्यांना."

"दुसरा दिला असता, दादा."

"दुसरा केला असतास. तुला येतं. मी शिकवलंय." त्याने चष्मा काढला, पण पुसला नाही. "उताऱ्याचं सोड. माझ्यासमोर आला असता तर मीही गप्प बसलो असतो, कोण जाणे. पण त्यांनी विचारलं असेल ना, कसं सुचलं म्हणून?"

तिने मान हलवली.

"काय सांगितलंस?"

"असंच, म्हणाले."

त्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाला, "दार लोटून घे. धूळ येते."

दुसऱ्या दिवशी कुणाला न विचारता भिंगरीने बाईंना फोन केला आणि सगळं सांगितलं. बाईंचा आवाज कोरडा झाला. तिला पुन्हा बोलावलं गेलं. नवा उतारा, तीच खोली, पण या वेळी कुणी 'सावकाश कर' म्हटलं नाही. तिने बेताचंच केलं, पण तिचं तिने केलं. जागा राहिली. निघताना तिने दादाचा विषय काढला तेव्हा पांढऱ्या केसांचे प्राध्यापक म्हणाले, "एक शब्द त्याने अप्रतिम लावला. पण यंदाच्या उताऱ्यात त्याला कर्तासुद्धा सापडला नाही. मी काय करू, सांग."

घरी आल्यावर तिने हे शेवटचं गाळून बाकीचं दादाला सांगितलं. तिला वाटलं होतं, तो थोडा तरी मोकळा होईल. तो उलट चिडला. "तुझ्या मनावरचं ओझं उतरलं ना? छान. आणि जागा गेली असती तर बाबांना तोंड कोण दाखवणार होतं?"

त्याने तिसऱ्यांदा अर्ज केला नाही. आईने एकदा विषय काढला तर म्हणाला, दुकानाला माणूस हवंच आहे. तिच्या जाण्याच्या दिवशी त्यानेच बॅग उचलून बसमध्ये चढवली, पैसे नीट ठेव म्हणाला, पोहोचल्यावर फोन कर म्हणाला. लॅटिनचा एक शब्द निघाला नाही.

पहिल्या सुट्टीत ती घरी आली ती एक अवघड पान सोबत घेऊन. दोन दिवस तिने ते एकटीने कुरतडलं. तिसऱ्या दिवशी दुकानात कुणी नाही असं पाहून तिने पुस्तक काउंटरवर उघडं ठेवलं आणि बाजूला झाली. दादाने हातातलं काम करता करता तिकडे पाहिलं. मग काम थांबलं. त्याचे ओठ हलायला लागले, बोट ओळीखालून सरकत गेलं आणि मधेच एका शब्दापाशी थांबलं.

तेवढ्यात दारातून एक बाई लहान मुलीला घेऊन आत आली. दादाने बोट उचललं, पुस्तक मिटलं आणि बहिणीच्या हातात दिलं.

"आत ठेव," तो म्हणाला. "इथे काचेचा चुरा असतो."